पिवळ्या सुपाची तपासणी

वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षकांच्या घरी सकाळचा चहा आणि साहेबांचं लहानपण एकाच वेळी उकळायला लागायचं. पहिल्या घोटाला ते खिडकीबाहेर बघायचे, दुसऱ्या घोटाला सुस्कारा टाकायचे आणि तिसऱ्याला म्हणायचे, "आईच्या हातचं पिवळं सूप." त्यापुढे बायकोने बोलायची गरज नसायची. ती डबे भरता भरता घड्याळाकडे बघायची, कारण तिला चष्म्याचं दुकान वेळेवर उघडायचं असायचं, आणि मध्येमध्ये "हं" म्हणायची. निरीक्षकांना तेवढं पुरायचं. नवऱ्यांना साधारण तेवढं पुरतं. हे सांगणाराही गेली कित्येक वर्षं 'हं'वरच जगतो आहे, तेव्हा त्याने निरीक्षकांना फार हसू नये हे बरं.

पिवळं सूप म्हणजे भोपळा आणि मसूर एकत्र शिजवायचे, त्यात परतलेला कांदा-लसूण घालायचा, सगळं घोटायचं, वर मिरी भुरभुरायची आणि लिंबू पिळायचं. संपलं. पण आठवणींना आवर कोण घालणार? लग्न झालं तेव्हा त्या सुपाचा वास, निरीक्षकांच्या सांगण्याप्रमाणे, त्यांच्या जुन्या घराच्या जिन्यापर्यंत यायचा. मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर गेली तोवर तो गल्लीच्या टोकाला पोचला होता. हल्ली शाळेच्या फाटकात उभं राहिलं तरी यायचा.

बायकोही हे सूप करायची. निरीक्षक दोन वाट्या ओढायचे, पावाच्या तुकड्याने वाटी पुसून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "छान झालंय. पण काहीतरी कमी आहे." काय कमी आहे, ते मात्र त्यांना सांगता यायचं नाही. दिवसभर दुकानदारांच्या काट्यातला केसाएवढा फरक पकडणारा हा माणूस घरी येऊन 'काहीतरी' या मापावर अडकायचा.

एका शनिवारी चहाच्या वेळी उद्या काय करायचं हा विषय निघाला. निरीक्षकांनी पिवळं सूप सुचवलं आणि सवयीने सुस्कारा टाकला. बायकोने डब्याचं झाकण खाली ठेवलं. ती चिडली नव्हती. निरीक्षकांनी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

"उद्या आईंनाच बोलवा," ती म्हणाली. "त्यांनीच करू देत. ते तुमचं काहीतरी सापडलं, तर मी जन्मभर तसंच करीन."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर सकाळच्या चहाला पिवळं सूप बंद."

"प्यायचं?"

"बोलायचं. सूप, जिना, गल्ली, शाळेचं फाटक, सगळंच."

निरीक्षक मोठ्याने हसले. इतकी सोपी पैज आयुष्यात कुणी लावली नव्हती. मग चहाचा कप खाली ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की हरलो तर सकाळी आपल्याला बोलायला दुसरं काहीच नाही. बातम्या त्यांना कळायच्या नाहीत, कार्यालयातल्या गोष्टी त्यांनाच कंटाळवाण्या वाटायच्या, आणि हवेबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? पण आता शब्द गेला होता.

आई त्यांच्या ताईकडे राहायची. फोन केला तर आई आढेवेढे घ्यायला लागली. आता नीट आठवत नाही, हाताला येईल तसं टाकते, सूनबाई चांगलं करते की, वगैरे. निरीक्षकांनी काही ऐकलं नाही. उलट 'हाताला येईल तसं' हे शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसले. जे काही कमी होतं, ते आईच्या चिमटीत होतं. मग चिमूट मोजली की झालं. कार्यालयाने निकालात काढलेला, पण अजून चोख चालणारा एक लहानसा काटा त्यांनी घरी आणून ठेवला होता. तो त्यांनी पुसूनबिसून तयार ठेवला.

रविवारी ताई आईला घेऊन आली. आई जिना चढून दमली होती, पण स्वयंपाकघरात शिरताच तिने पदर खोचला. बायको मदतीला गेली, तर निरीक्षकांनी तिला दारातच अडवलं. तपासणीच्या वेळी हितसंबंधी व्यक्ती समोर नको, असा त्यांच्या खात्याचा नियम होता. बायको बाहेर जाऊन ताईशी गप्पा मारत बसली.

आत आईने भोपळा आणि मसूर शिजायला ठेवले, कांदा परतला आणि मिठाच्या बरणीत हात घातला.

"थांब," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी काट्याचं पारडं तिच्या हाताखाली धरलं. "यात टाक."

"अरे, भांडं इकडे आहे."

"आधी वजन होऊ दे."

आईने चिमूट पारड्यात सोडली आणि ती वळून कांदा हलवायला लागली. निरीक्षकांनी डोळे बारीक करून आकडा वाचला. मग, जे ते रोज दहा दुकानांत करायचे, तेच त्यांनी इथेही केलं. नमुना लहानशा पिशवीत भरला, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने घट्ट बंद केलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. तपासणीसाठी घेतलेला नमुना पुन्हा दुकानात जात नाही. हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची वेळच आली नाही. मिरीचंही तसंच झालं. लसूणही वजन होऊन पिशवीत गेला, लिंबाचा रस बाटलीत गेला, आणि चव घेऊन आईने पुन्हा मीठ घेतलं तेव्हा तेही पिशवीत गेलं.

"मी स्वयंपाक करतेय की माझा पंचनामा चाललाय?" आईने एकदा विचारलं. पण तिला काही वावगं वाटलं नाही. हातातून चिमूट सुटली, की तिच्या लेखी मीठ पडलेलं असायचं. साठ-सत्तर वर्षांत ते दुसरीकडे कुठे पडलं नव्हतं.

टेबलावर चार वाट्या आल्या. रंग तर तोच होता. निरीक्षकांनी पहिला चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि त्यांच्या गालावरून खरोखर एक थेंब ओघळला.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती चव."

आता ताईचं ऐका. ताई निरीक्षकांपेक्षा मोठी. लहानपणाच्या बाबतीत तिचा मान पहिला, असं तिचं ठाम मत होतं. धाकट्याला आठवलं आणि आपल्याला नाही, हे तिला कसं चालेल? तिने दोन चमचे घेतले आणि सांगितलं, की तिला तर चवच काय, त्या वेळच्या ताटल्यासुद्धा दिसायला लागल्या. बायकोने चमचाभर घेतलं, थांबली, पुन्हा चमचाभर घेतलं. मग ती भावाबहिणीच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायला लागली. तिच्या दुकानात पाटीवरचं एकही अक्षर न दिसता 'सगळं स्पष्ट दिसतंय' म्हणणारी गिऱ्हाइकं यायची, त्यांच्याकडे ती अशीच बघत असावी.

"मग जिंकलो ना?" निरीक्षकांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणताय तर जिंकलात," बायको म्हणाली.

निरीक्षकांनी विजयाच्या भरात आणखी एक चमचा घेतला आणि फाटकापर्यंत येणाऱ्या वासाची गोष्ट सुरू केली. ती रंगात आली असताना त्यांचं लक्ष आईकडे गेलं. आईने वाटी बाजूला सरकवली होती.

"चांगलं झालंय म्हणता?" तिने हळूच विचारलं.

"चांगलं? अगं, पूर्वीसारखंच."

"मला काहीच लागत नाहीये," आई म्हणाली. "गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतंय." तिने चमचा खाली ठेवला. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं, कानात यंत्र बसलं. जीभ तेवढी धड आहे म्हणून मी सगळ्यांना सांगत होते. आता तीही गेली वाटतं." आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

ताईने लगेच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगल्या डॉक्टरांची माहिती सांगायला सुरुवात केली. निरीक्षक पाणी आणायला म्हणून आत गेले. आत गेले आणि कट्ट्याकडे बघून जागच्या जागी उभे राहिले. खिडकीत उन्हात चार पिशव्या आणि एक बाटली ओळीने बसली होती. जणू दुकानदार तक्रार घेऊन आले होते.

सत्य समजायला त्यांना वेळ लागला नाही. ते कबूल करायला मात्र बराच लागला. बाहेर आई रडत होती. पण बाहेर एक जिंकलेली पैजही होती, आणि पुढच्या सगळ्या सकाळी होत्या. मीठच नव्हतं हे सांगायचं, म्हणजे बिनमिठाच्या पाण्यावर आपण डोळे मिटून रडलो हेही सांगायचं. बहीण ते मरेपर्यंत विसरणार नव्हती.

त्यांनी मधला मार्ग काढला. असले मार्ग शहाण्या माणसालाच सुचतात. पिशव्या गुपचूप भांड्यात रिकाम्या करायच्या, आईला दुसरी वाटी द्यायची, तिला चव लागेल, जीभही परत येईल आणि पैजही हातची जाणार नाही. त्यांनी मिठाची एक पिशवी उचलली. ती उघडेना. नख लावलं, सुरी लावली, तरी उघडेना. निरीक्षकांनी बंद केलेली पिशवी उघडत नाही, अशी त्यांची खात्यात ख्याती होती आणि तिचा त्यांना अभिमानही होता. शेवटी त्यांनी पिशवी दातांत धरून ओढली. ती फाटली, आणि अर्धं मीठ भांड्यात आणि अर्धं त्यांच्या मिशीत गेलं.

"हे काय चाललंय?" दारात बायको उभी होती.

निरीक्षकांच्या तोंडात पिशवी असल्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. बायकोने कट्टा बघितला, काटा बघितला, मिशी बघितली. तिला सगळं कळलं. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर कितीतरी वेळा वाटलं.

"बाहेर जाऊन सांगा," ती म्हणाली.

"सांगितलं तर पैज..."

"आई रडताहेत."

निरीक्षक फाटकी पिशवी आणि उरलेल्या पिशव्या ओंजळीत घेऊन बाहेर आले आणि त्यांनी त्या आईसमोर मांडल्या.

"आई, तुझी जीभ शाबूत आहे," ते म्हणाले. "मीठ माझ्याकडे आहे."

आईला आधी काही उमगेना. मग तिने फाटक्या पिशवीच्या तळाशी चिकटलेल्या मिठाला बोट लावून ते जिभेवर टेकवलं. तिचं तोंड असं काही वाकडं झालं, आणि त्या वाकड्या तोंडाने ती इतकी आनंदाने हसली, की निरीक्षकांचं पैजेचं दुःख तिथेच अर्धं झालं. उरलेलं अर्धं ताईने बघून घेतलं. पहिल्याच चमच्याला काहीतरी कमी असल्याचं आपल्याला कळलं होतं, पण आईसमोर कसं बोलणार म्हणून आपण गप्प बसलो, असं तिने जाहीर केलं. यावर कुणीच काही बोललं नाही, त्यामुळे ते खरं ठरलं.

मग सगळं सूप भांड्यात परत ओतलं आणि त्यात लसूण, मिरी, लिंबू सगळं रीतसर पडलं. थोडं खारट झालं, पण वाट्या पुन्हा भरल्या गेल्या. निरीक्षकांनी या खेपेला डोळे उघडे ठेवून चव घेतली. ती ओळखीची होती. फारच ओळखीची. आठवड्याला दोन वाट्या ओढून वाटी पुसावी इतकी.

"आई," ते सावकाश म्हणाले, "हे तर हिच्यासारखं लागतंय."

"लागणारच," आई म्हणाली. "तुझा फोन आल्यावर मी काळजीत पडले. अरे, मी ते सूप शेवटचं कधी केलं मला आठवतसुद्धा नाही. मग सूनबाईलाच फोन केला. तिने सांगितलं तस्सं केलं."

निरीक्षकांनी बायकोकडे बघितलं. ती दुसरी वाटी वाढून घेत होती. पैजेचं नाव तिने नंतर दिवसभर काढलं नाही. त्याची गरजच नव्हती.

सोमवारी सकाळी चहा झाला. निरीक्षकांनी पहिला घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं आणि नजर परत आणली. सुस्कारा घशापर्यंत आला होता, तो त्यांनी चहाबरोबर गिळला. आज ढग आलेत, असं ते म्हणाले. बायको "हं" म्हणाली. मग बराच वेळ डब्यांच्या झाकणांचा आवाज तेवढा होत राहिला. एवढं शांत स्वयंपाकघर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"आमच्याकडे सकाळी बाबा पाव भाजायचे," बायको एकदम म्हणाली.

निरीक्षकांनी मान वर केली. तिचे वडील. करडे, कमी बोलणारे, कायम पेपरात डोकं घातलेले. ते स्वयंपाकघरात जात असतील, ही कल्पनाही त्यांना कधी शिवली नव्हती.

"तव्यावर," ती सांगत होती. "लोण्यात. एक बाजू जरा जास्तच होऊ द्यायचे. ती कुरकुरीत बाजू माझी. दादा भांडायचा, पण ती कायम मलाच. आणि भाजताना गाणं म्हणायचे. इतकं बेसूर, की शेजारचे खिडकी लावायचे."

ती बोलत राहिली. डबा तसाच उघडा राहिला, घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं नाही. निरीक्षक ऐकत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांना गाता येत नव्हतं हे त्यांना माहीत नव्हतं. कळणार तरी कसं? सकाळी बोलायची पाळी तिची कधी आलीच नव्हती. त्यांना आपली लाज वाटली, आणि तिने थांबू नये असंही वाटलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. संध्याकाळी पाव आणा. मी सांगते, तुम्ही भाजा."

"किती वेळ भाजायचा?"

"अंदाजाने," बायको म्हणाली आणि तिने आपल्यासाठी आणखी अर्धा कप चहा ओतून घेतला.