पोस्ट पोचली का जी?

जानेवारी २०१५, रविवार. कोहळ्याच्या वड्या घालायच्या होत्या. कोहळा किसून हात आखडले होते आणि उडदाची डाळ वाटायची अजून बाकी होती. तेवढ्यात फाटकावर सायकलची घंटी वाजली. दोनदा. म्हणजे झनकलालभाऊ.

"वहिनी, पोस्ट पोचली का जी?"

झनकलालभाऊ निवृत्त पोस्टमन. दवनीवाड्याच्या आसपासची खेडी त्यांनी सायकलवर पालथी घातलेली. पुतण्याने त्यांना स्मार्टफोन दिला, फेसबुक उघडून दिलं आणि तिथेच घोटाळा झाला. पोस्ट म्हटली की ती ज्याच्या त्याच्या हातात पडलीच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. म्हणून फेसबुकवर पोस्ट टाकली की ते सायकल काढत आणि घरोघरी विचारत फिरत. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांना स्वतःच्या फोनवरून वाचून दाखवत. माझ्या गिरणीत तर दळण चालू असतानाच वाचायला लागत. वैतागून मी गिरणी बंद केली की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"जनमभर लोकायच्या पोस्टा वाटल्या," ते म्हणत, "आता माही टाकून राहिलो."

त्या हिवाळ्यात त्यांचा विषय एकच होता, आमच्या गावची मुक्कामी गाडी. संध्याकाळी गोंदियाहून यायची, रात्रभर गावात थांबायची, सकाळी परत जायची. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तेव्हा ती बंद झाली. रस्ता झाला, गाडी काही आली नाही. कॉलेजच्या पोरी फाट्यावर उतरून अंधारात चालत येत.

"फेसबुकनं बस येते का, भाऊजी?" मी म्हटलं. "हात रिकामे असतील तर डाळ वाटा."

"सरकारा हलून राहिल्या त्यानं, वहिनी, अन् एक बस नाही हलणार? तुमी लाईक काऊन करून नाही राहिल्या?"

"माझे हात पिठाचे असतात."

"मंग उद्या हात धुवून डेपोत चला. पोस्ट पोचली असन त चला."

सोमवारी ट्रॅक्टरची ट्रॉली भरून बायका डेपोत गेल्या. मीही गेले. तशीही वीज नव्हती, गिरणी बंदच होती. एवढी गर्दी पाहून डेपोतल्या साहेबांनी आधी चहा मागवला, मग विचारलं, "या सगळ्यांना जमवलं कोणी?"

झनकलालभाऊ छाती काढून पुढे झाले. "फेसबुकनं!"

ट्रॉलीतल्या निम्म्या बायकांकडे साधा फोनही नव्हता. "सायकलनं," मी म्हटलं, पण ऐकतं कोण?

पुढच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. फाट्यावर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला बॅनर लागला. त्यावर झनकलालभाऊंचं नाव कुठेच नव्हतं. आता यावर दणदणीत पोस्ट येणार, असं मला वाटलं. आली नाही. दिवसभर घंटीसुद्धा वाजली नाही. शेवटी संध्याकाळी वाळलेल्या वड्यांचा डबा घेऊन मीच त्यांच्या घरी गेले.

चुलीवर भाताचं मोठं पातेलं रटरटत होतं. बायको गेल्यापासून घरात माणूस एकटाच, आणि जमिनीवर ताटं तीन.

"पाहुणे आहेत का?"

"डायवर अन् कंडक्टर," ते रस्सा ढवळत म्हणाले. "मुक्कामी गाडीवाले माह्याकडेच जेवत. गाडी बंद झाली त मीबी रांधणं सोडलं. एकट्यासाठी कायले चूल पेटवाची? चुरमुरे खाऊन झोपत होतो." मग घाईघाईने म्हणाले, "पण भांडलो मी पोरींसाठी हो. पोरींसाठीच!"

"हो तर," मी म्हटलं आणि रश्शात मूठभर वड्या टाकल्या.

बाहेर हॉर्न वाजला. झनकलालभाऊ हात न पुसताच धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरींना घेऊन गाडी गेली. गिरणी सुरू करण्याआधी मी हात धुतले, फोन उघडला आणि गाडीसाठी टाकलेल्या त्यांच्या पोस्टखाली लिहिलं, "पोचली."