वादळाचा बाप कोण?

वादळ सुटलं की सारं केशोरी गाव घरात पळतं आणि कापगते मास्तर घरातून अंगणात येतात. लुंगी सावरत आभाळाला विचारतात, "बोल, तुझा बाप कोण? ऊन का धूर?"

माझी धानाची गिरणी त्यांच्या घराला लागून. हमाली करून उभी केलेली. कोणाची मेहरबानी नाही. मास्तर भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले, पण वर्ग सुटला नाही. विद्यार्थी म्हणून मी सापडलो.

"शेठ, उनानं ताप वाढला त आधी जमीन तापते. वरची हवा थंडच. मंग वारं उसळते. अन् धुरानं वाढला त गोधडी पांघरल्यासारखं. वर-खाली सारंच गरम. वादळ लवकर उठत नाही, पण उठलं का साठलेली वाफ एकदम ओतून देते. फरक हाये का नाही?"

"माझ्या गिरणीची टिनं उडाली. त्यात कायचा फरक?"

"हाये ना. थे धुराचं होतं. तुमच्याच गिरणीच्या चिमणीचं."

हे धान घेऊन आलेल्या लोकांसमोर. टिनं मास्तरांच्याच अंगणात पडलेली, पण उचलू देतील तर शपथ! "थांबा, कोन्या बाजूनं वाकली थे पाहून राहिलो." लोक खो खो हसले. पुढे दोन वर्षं मी मास्तरांशी बोललो नाही. अजून आठवलं की कानशिलं तापतात. पण आता रागावायचाही कंटाळा येतो.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत आभाळ गडगडलं. मास्तर बाहेर आले, पण काहीच न विचारता ओट्यावर बसले. मला राहवेना.

"काऊन मास्तर, आज बाप नाही विचारत?"

"शेठ, त्या दिवशी मोहाखालचा पाचोळा मीच पेटवला होता. पडलेले फुलं दिसावे म्हणून. सारेच पेटवतात. मास्तरीण म्हणे, झाडून घेऊ. मीच आळस केला."

मास्तरीणबाई कित्येक वर्षांपूर्वी त्याच मोहाखाली वीज पडून गेल्या, हे गावाला माहीत होतं. पाचोळ्याचं कोणालाच नाही.

"सांगा ना, थे वादळ उनाचं होतं का धुराचं?"

इतकी वर्षं हा माणूस आभाळाला हेच विचारत होता. मी जन्मभर घासाघीस केली, पण असला सौदा पहिलाच.

"मास्तर, माप नीट धरा. एवढ्याशा पाचोळ्यानं वादळ उठते? साऱ्या दुनियेच्या गाड्या धरा, कारखाने धरा. माझी चिमणी धरा."

"अन् माझं?"

"तुमचं काट्यावर येतच नाही."

"थोडं तरी धरा."

"चिमूटभर नाही! लयच वाटत असंल त थेही माझ्या चिमणीवर टाका."

मास्तरांनी मान वर करून गिरणीची चिमणी पाहिली. टपोरे थेंब सुरू झाले, तसे ओट्यावर जरा सरकले आणि माझ्यासाठी जागा केली.

"बसा शेठ. तुमचीही चिमणी तेवढी मोठी नाही."