बेल्टच्या पाठीवरचा नंबर

ताईचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि निवृत्त ग्रंथपालांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं. 'आता एकटीनं राहवत नाही. कायमची तुमच्याकडे येऊ का? घ्यायला ये. मात्र मला उकाडा सोसत नाही, हे तुला ठाऊक आहेच.' ताईला फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे जे कळवायचं ते लिहूनच.

उत्तर 'हो' हेच होतं. घोडं अडलं होतं ते उकाड्यापाशी. घरात वाहन म्हणजे फिरत्या वाचनालयाची जुनी पिकअप, ग्रंथपालांनी निवृत्त होताना मायेपोटी विकत घेतलेली. तिचा एसी लावला की बॉनेटखालून अशी किंचाळी उठे, की फाटकावरचं मांजर गल्ली सोडून जाई. एसी फिरवणाऱ्या बेल्टला भेगा पडल्या होत्या. ये म्हणावं आणि ताई वाटेतच आडवी व्हावी, या धास्तीनं ते रोज 'प्रिय ताई' एवढं लिहीत आणि कागद बाजूला ठेवीत.

"अहो, तो बेल्ट बदला एकदाचा," बायको म्हणाली. ती घरी कपडे शिवायची. "माझ्या मशीनचा मी बदलतेच की."

ग्रंथपालांनी आधी गाडीच्या दुरुस्तीचं पुस्तक वाचून काढलं. मग बेल्टला ताण देणारा बोल्ट सैल केला, जुना बेल्ट काढला आणि बायकोच्या टेपनं त्याचं माप घेतलं. बेल्टच घेऊन दुकानात जावं, तर तो तेलकट, काळाकुट्ट. असं ध्यान हातात घेऊन चारचौघांत उभं राहायचं त्यांना जिवावर आलं. त्यांनी माप चिठ्ठीवर लिहून नेलं.

"नंबर काय बेल्टचा?" दुकानदारानं विचारलं.

"माप आहे," ग्रंथपाल हळूच म्हणाले.

दुकानदारानं चिठ्ठीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि मापाचा बेल्ट काढून दिला.

पण माप होतं झिजून सैल पडलेल्या बेल्टचं. नवा बेल्ट चढवून बोल्ट शेवटपर्यंत आवळला, तरी तो लुळाच. गाडी चालू केली, एसी लावला, आणि पहिल्यापेक्षा चढ्या पट्टीत किंचाळी उठली.

"एवढंच ना?" बायकोनं गाडी बंद करायला लावली आणि मशीनची तेलाची कुपी आणली. "माझं मशीन कुरकुरलं की दोन थेंब सोडते."

'बेल्टला तेल कदापि लावू नये' हे वाक्य पुस्तकात ठळक छापलेलं ग्रंथपालांनी कालच वाचलं होतं. पण पुस्तकाची आवृत्ती जुनी होती आणि बायको समोर उभी होती. ते गप्प बसले.

तेल सोडून गाडी पुन्हा चालू केली, तर बेल्ट पुलीवर नुसता घसरत आणि किंचाळत राहिला. शेजारीणबाई कुंपणाशी आल्या. "कोणाला कापताय का हो?"

"नाही, नणंदबाईंना आणायची तयारी चाललीय," बायको म्हणाली.

"असं होय," शेजारीणबाई म्हणाल्या आणि घाईनं आत गेल्या.

बायको फडकं घेऊन तेल पुसायला बसली. हातासरशी तिनं जुना बेल्टही पुसला, आणि थांबली. "अहो, हे काय लिहिलंय?"

बेल्टच्या पाठीवर स्पष्ट छापलेला नंबर होता.

"आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवलेत तुम्ही," बायको म्हणाली. "याचीच पाठ तेवढी बघायची राहिली."

"तू तेल लावलंस त्याचं काय?"

"पुस्तकात लिहिलं होतं ना? मग बोलायचं नाही का?"

ग्रंथपालांनी या वेळी जुना बेल्ट गळ्यात अडकवूनच दुकान गाठलं. पुली साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरड्या केल्या, त्या नंबरचा नवा बेल्ट चढवला, अंगठ्यानं दाबून ताण पाहिला. गाडी चालू केली. एसी लावला. काहीच ऐकू आलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, आणि तेवढ्यात तोंडावर गार वारा आला. मांजर परत येऊन फाटकावर बसलं.

त्या दुपारी ग्रंथपालांनी एका बैठकीत पत्र पुरं केलं. पण आता टपालाची वाट कोण बघणार? पत्र खिशात घालून दोघं थेट ताईच्या दारात जाऊन उभी राहिली. ताई बांधलेल्या सामानावर बसली होती.

"किती उशीर रे," ती म्हणाली.

"पण ताई, मी तर उत्तरच दिलं नव्हतं."

"म्हणून तर सामान बांधलं. नाही म्हणायचं असतं, तर चार पानं माफी मागून परतीच्या टपालानं कळवलं असतंस. तू गप्प राहिलास, तेव्हाच समजले."

बायको पदरात तोंड लपवून हसत होती. ग्रंथपालांना कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. त्यांनी खिशातून पत्र काढून पुढे केलं.

ताईनं हात मागे घेतला. "पत्र असं हातात देतात? टपालात टाक. तुझं उत्तर यावं आणि मी ते दारात घ्यावं, एवढीच हौस आहे."

गार गाडीत शाल पांघरून बसलेल्या ताईनं वाटेत टपालपेटीपाशी गाडी थांबवायला लावली. ग्रंथपालांनी पाकिटावरचा तिचा पत्ता खोडला आणि खाली स्वतःचा लिहिला.

"पोचायला दोन-चार दिवस लागतील, ताई," ते पत्र पेटीत टाकत म्हणाले.

"लागू देत," ताई म्हणाली. "मी आहे की घरी."