तारखेला देवाची हरकत

वडगावच्या कोर्टात अकरा वाजता तारीख, आणि नवा कोरा वकील दिगंबर सकाळी आठला तुंगार्लीच्या वरच्या देवराईत अनवाणी बसलेला! मागे सगळी ठाकरवाडी, समोर शेंदूर फासलेला वाघोबा. देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवलेली. उजवी आधी पडली तर कोर्टात जायचं, डावी पडली तर नाही.

"आबा, कोर्ट थांबत नाही हो!"

"मंग सांगा कोर्टाला, द्येव अजून बोलला न्हाई," वाडीतले सगळ्यात म्हातारे बारकूआबा म्हणाले.

कोळशाच्या एका ठेकेदाराने ही राई तोडायचा ठेका मिळवला होता. तोड थांबवायची तर वाडी हा देव पिढ्यान्‌पिढ्या मानते, हे सिद्ध करायला हवं होतं. पुरावा म्हणून कागदाचा एक चिटोरा नव्हता. होते फक्त साक्षीदार आबा, आणि ते कौलाशिवाय हलेनात.

मार्गशीर्षातलं धुकं इतकं दाट, की पाकळ्या वाळेचनात. जांभळींवरून थेंब टपटपत होते. हळूहळू दिगंबरला अकराचं काही वाटेनासं झालं. वकील होण्यापेक्षा इथलं एखादं झाड झालो असतो तर बरं, असं त्याच्या मनात आलं. आयुष्यात इतकं सुख त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यातच त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं आणि डावी पाकळी खाली होती.

"न्हाई म्हनला," आबा शांतपणे म्हणाले.

"अहो, गैरहजर राहिलो तर उद्या राई आडवी होईल!"

उद्या कशाला, तेवढ्यात कुऱ्हाडी घेऊन दहा माणसं वर आली. पुढे ठेकेदाराचा मुकादम अंबाजी. वाडी कोर्टात गेली की काम उरकायचं, असा त्यांचा बेत होता.

"आज तारीख हाय न्हवं तुमची?" अंबाजी चपापला.

"द्येवानं सोडलं न्हाई."

अंबाजीने गुपचूप वहाणा काढल्या. "मंग आमी बी इचारतो. न इचारता घाव घालायचा आन घरी लेकरं आजारी पडायची!"

नव्या पाकळ्या लागल्या. दिगंबरचा देवावर विश्वास नव्हता, तरी त्याने श्वास रोखला. डावी पडली.

"आता मालकाला काय सांगू?" अंबाजी रडवेला झाला. "वकीलसायब, कागद लिवून द्या. हितला द्येव न्हाई म्हनला, म्हून तोड थांबवली. मी आंगठा देतो."

दिगंबरने भराभर लिहिलं आणि पेनातली शाई अंबाजीच्या अंगठ्याला फासली. खुद्द ठेकेदाराच्या मुकादमाचा अंगठा! पळत गेलं तर कोर्ट उठायच्या आत वडगाव गाठता येणार होतं. तो उठला, तोच आबांनी हात धरला.

"कागद द्येवाच्या राईतला. न्यायचा का, इचारलं का त्याला?"

दिगंबरने घड्याळाकडे पाहिलं, वाघोबाकडे पाहिलं. मग कोट काढून ठेवला आणि स्वतःच पाकळ्या लावायला घेतल्या. उजवीला त्याने पाणी जरा कमीच लावलं.

आबांनी ते पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली.