सुचिताच्या मामाची गाडी

तुम्ही कधी गाडीतल्या दिव्याला टिकली लावली आहे का?

मी लावली. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या शेजारी, पाण्यात थर्मामीटर उभा केल्यासारखं एक लाल चित्र काही दिवसांपासून मधूनच पेटायचं. आमचे हे, म्हणजे उत्तमराव, बीपीचे पेशंट. चित्र पेटलं की रस्ता सोडून तिकडेच बघत बसायचे. लग्नसराईत गॅरेजवाल्याला सवड नव्हती, आणि आम्हाला तर भाचीच्याच, सुचिताच्या, लग्नाला जायचं होतं. मी म्हटलं, दिवा दिसलाच नाही तर बीपी कशाला वाढेल? पर्समधली मोठी मरून टिकली काढली आणि त्याच्यावर चिकटवली. (घरात कोणाला ताप आला तर मी थर्मामीटर लपवून ठेवत नाही. पण गाडी काय माणूस आहे, असं तेव्हा वाटलं.)

"गेला वाटते तो दिवा," निघताना हे म्हणाले. ह्यांना जवळचं नीट दिसत नाही.

"हाव, गेला," मी म्हणाले.

मोताळ्याहून देऊळघाटला जायचं म्हणजे आधी राजूर घाट चढायचा, मग बुलढाणा, मग पुढे. मे महिन्यातली सकाळ, पण ऊन दुपारचं. मागच्या सीटवर मी केलेलं रुखवत: अनारशांचा डबा, साखरेची फळं, तांब्याचा हंडा आणि कळशी. पुढे स्टिअरिंगवर मुलीचा मामा, म्हणजे हेच. महत्त्वाचा तोच. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. सुचिताला मामा एकच. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून बापाच्या जागीही हेच. रुखवत राहिलं तरी लग्न लागलं असतं. मामा राहून चालणार नव्हतं.

घाट सुरू झाला.

"हा एसी गरम हवा काऊन फेकून राह्यला?"

"बाहेर ऊन पाहा की. तो तरी काय करीन?"

एका वळणानंतर टक टक, टक टक असा आवाज यायला लागला.

"आता हे काय वाजून राह्यलं?"

"हंडा-कळशी असंल. मी म्हटलं होतं ना, मधात चिंध्या घाला म्हणून."

मग वास आला. गोड, पाकासारखा.

"अनारशाचा डबा उघडा राह्यला काय वो?"

मी मागे वाकून झाकण दाबलं. वास जाईना. आणखी जोरात दाबलं. (खात्रीसाठी एक अनारसा खाऊनही पाहिला. छान झाला होता.)

पुढच्या चढावर गाडीचा जीवच गेला. ह्यांनी पाय दाबला तरी ती कुथत कुथत चालली होती. मागून ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न देत होता, उजव्या हाताला दरी. आणि बोनेटच्या फटीतून पांढरा धूर निघाला.

हे माझ्याकडे वळले. "हे बी रुखवतच काय?"

कशीबशी गाडी कडेला लागली. तेवढ्यात माझ्या नणंदेचा, सुचिताच्या आईचा, संजीवनीताईंचा फोन. मागे वाजंत्री ऐकू येत होती.

"वहिनी, कुठी आहे तुमी? नवरदेव मारुतीच्या देवळातून निंगाला! दादाले फोन द्या."

"ते... जरा बोनेटपाशी आहेत."

"बोनेटपाशी? काऊन?"

मी सांगत होते तोच फोन कोणीतरी हिसकावला. सुचिता होती, स्वतः नवरी! ती चार वर्षांपासून गाडी चालवते. मागे बायका ओरडत होत्या, "अवं मुंडावळ्या बांधाच्या आहेत, फोन ठेव!"

"मामी, मामा काय करून राह्यले?"

"हाताले उपरणं गुंडाळून इंजिनातल्या पाण्याचं झाकण उघडून राह्यले."

"हात लावू नका म्हणा! उकळतं पाणी तोंडावर येते!"

मी शालू सावरत धावले आणि ह्यांचा हात धरून मागे ओढला. लग्नाला तीस वर्षं झाली, पण इतक्या जोरात मी त्यांचा हात कधी धरला नव्हता.

"मामी, लाल दिवा नाही पेटला काय? थर्मामीटरवानी?"

मी गाडीचं दार उघडलं.

"मामी?"

मी आत वाकले आणि टिकली काढली. खालून तो लाल डोळा वटारून माझ्याकडेच बघत होता.

"आहे," मी म्हणाले. "आत्ताच दिसला."

हे माझ्या बोटावरच्या टिकलीकडे बघत राहिले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"काढली काऊन?" हे शांतपणे म्हणाले. "राहू द्यायची ना. गाडी अहेव मेली असती बिचारी."

सुचिता मात्र रागावली नाही. "आता गाडी थंडी होऊ द्या. मंग बाटलीतलं पाणी टाका, आतलं गोड वासाचं कूलंट उडून गेलं असंल. एसी बंद, काचा खाली, आन् हीटर फुल चालू करा. इंजिनाची गरमी आत ओढून घ्या."

"मे महिन्यात हीटर?"

"मामी, गाडी नाही तर तुमी. कोणी तरी उकळाच लागते." मग तिचा आवाज बारीक झाला. "मामाले सांगा, ते आल्याबिगर मी मांडवात पाय ठेवत नाही. कोणाले काय म्हणाचं ते म्हणू द्या."

हे मी ह्यांना सांगितलं. ते नुसते बोनेटला हात लावून लावून बघत राहिले, आजारी लेकराचं कपाळ बघावं तसे.

मग आम्ही निघालो. हीटर भट्टीसारखा तोंडावर, काचांमधून लूच्या झळा. पावडर वाहिली, काजळ वाहिलं, शालू अंगाला चिकटला. दोघांचेही डोळे त्या दिव्यावर.

"पेटला काय?"

"नाही."

"आता?"

"नाही हो! रस्ता पाहा!"

बुलढाणा मागे पडलं. देऊळघाटच्या अलीकडे दिवा पुन्हा लाल झाला. तिकडे नवरदेव बोहल्यावर उभा होता, अंतरपाट धरलेला होता, भटजी सारखे घड्याळ बघत होते. गाडी मांडवाच्या तोंडाशी आली, एक आचका दिला आणि बंद पडली. हे दार उघडं टाकून धावले. नवरीच्या खोलीच्या दारात सुचिता उभी होती. ह्यांनी तिचा हात धरला, तिने ह्यांच्या भिजलेल्या सदऱ्याकडे बघितलं आणि हसता हसता रडली. मी मागे उभी राहून अक्षता टाकल्या. तोंडावरून घाम आणि काजळ नुसतं ओघळत होतं. पुसायला रुमालही कोरडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आले. एका फोटोत मी होते, गालांवर काळे ओघळ, डोळे लाल. खाली संजीवनीताईंनी लिहिलं होतं, "आईपेक्षा मामीच जास्त रडली. अशी मामी नशिबानं भेटते." दोन्हीकडच्या पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. मी नम्रपणे हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याच्या लगेच खाली ह्यांनी लिहिलं, "रडली नाही. हीटर चालू होता."