कचेरीची हर्रासी आणि खरातमामा

खरातमामांना हळू बोलता येत नाही. प्रयत्न करतात बिचारे, पण ते कानात काही सांगायला वाकले की गल्लीतली कुत्री उठून बसतात. पुंडलिकनगरात त्यांच्या नि आमच्या घरात एकच भिंत. मी कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी अंग टाकतो न टाकतो, तोच पलीकडून ललकारी येते, "आज वांग्याची भाजी हाय हो!" आता घरात मामांशिवाय दुसरं कुणी नाही. सांगतायत कुणाला? विचारलं तर म्हणतात, "कुणालाच नाय. पण चोरून काहून खावं?"

'चोरून काहून' हा त्यांचा ठेका. नामांतराच्या मोर्च्यात घोषणा द्यायला याच गळ्याला मागणी. लाऊडस्पीकर बंद पडला तरी कुणी घाबरायचं नाही. तुरुंगवारी झाली, तर तिथल्या शिपायानं म्हणे हात जोडले, "मामा, झोपू द्या!" त्या शिपायाचं दुःख मला कळतं.

दुसरा नाद रिकाम्या सरकारी इमारतींचा. शहरात कारखाने वाढले, जागांना सोन्याचा भाव आला आणि सरकारच्या ओस इमारती गुपचूप कुणाकुणाच्या घशात जायला लागल्या. मामा अशा प्रत्येक इमारतीपाशी सायकलवरून उतरणार आणि खिडकीच्या फटीला डोळा लावणार. "सरकारचं म्हंजे आपलं. आपलं घर कुणी विकाय काढलं, तर आपल्याला कळाय नको?"

असंच एकदा मला मागं बसवून क्रांती चौकाकडं जाताना त्यांनी जुन्या कचेरीच्या फटीत डोकावलं आणि अशी काही आरोळी ठोकली की मी कॅरियरवरून खालीच आलो. आत, दाराच्या आतल्या बाजूला, हर्रासीची, म्हणजे लिलावाची, नोटीस डकवलेली! नोटीस इमारतीवर लावावी असा नियम. लावली होती. आतून. आणि बाहेरून कुलूप.

आम्ही तसेच हर्रासी काढणाऱ्या सरकारी साहेबांकडं गेलो.

"बाहेरच्या बाजूनं लावा, असं नियमात कुठंय?" साहेब थंडपणे म्हणाले.

"अन् वाचायची कुणी? पालीनं?"

"आवाज कमी करा आधी."

"तेवढं जमत नाय, साहेब. पण नोटीस बाहेरून लावायचं काम माझ्याकडं लागलं!"

आणि मामांनी सायकल काढली. भाजीमंडई, गल्लीबोळ, पाळी सुटताना कारखान्यांची फाटकं, थेट दौलताबादचा बाजार. "ऐका हो! जुनी कचेरी सोमवारी विकणार हाय! घ्यायची त्यानं या, नाय घ्यायची त्यानं बघाय या!" माझी झोप गेली खड्ड्यात, मीच मागून सायकल ढकलत होतो. एका चढावर मी दमून म्हटलं, "मामा, एवढं करताय तर तुम्हीच बोली लावा की."

"येडा का काय? मी बोली लावली की माझं वरडणं खोटं झालं."

सोमवारी कचेरीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या ठेकेदाराच्या नावावर आधीच ठरलेलं, तो साहेबांच्या शेजारी चहा पीत होता. नावापुरती बोली लावायला सोबत आणलेला पुतण्या गर्दी बघूनच पांढरा पडला.

"आधी कुलूप खोला!" मामा गरजले. "वांगं बी आपण दाबून बघतो!"

"चावी सापडत नाहीये," साहेब म्हणाले.

"सापडू द्या, सावकाश! आम्ही बसतो!" म्हणत सगळं अंगण खाली बसलं. चावी साहेबांच्याच खिशात सापडली. मामा दारात उभं राहून माणसं आत सोडत राहिले, लोक भिंती ठोकून पाहून आले.

ठेकेदारानं मातीमोल बोली लावली. लगेच मागून एक बाई कडाडली, "त्याच्यावर हजार!" ही गंगूबाई, दौलताबादकडच्या धनगरवाडीची. वाडीतल्या पोरापोरींना शिकायचं तर शहरात राहायला छप्पर नव्हतं, म्हणून वाडीनं मेंढरं विकून पैसा उभा केला होता. मग एक लेथवाला चढला, एक डॉक्टर चढला. त्या धुमाळीत पुतण्याला जोश आला आणि त्यानं काकाच्याच बोलीवर बोली चढवली! काकानं भर सभेत त्याच्या टाळक्यात टपली हाणली. लोक हसून हसून बेजार. "एवढ्यात तर मी नवी बांधीन!" म्हणत ठेकेदार उठला. लेथवाला थांबला, डॉक्टर थांबले. गंगूबाई नाही थांबली.

साहेबांनी कसंबसं एक, दोन म्हटलं. 'तीन' आख्ख्या अंगणानं म्हटलं! अहो, काय सांगू, अंगावर काटा आला. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, जसं काही प्रत्येकालाच कचेरी मिळाली.

सगळे सोपस्कार होऊन चावी मिळाली त्या दिवशी गंगूबाई म्हणाली, "मामा, दार तुम्हीच उघडा." मामा दार उघडून आत गेले, ते येईचनात. मी बघायला गेलो. अगदी आतल्या, मोठ्या साहेबाच्या खोलीत मामा खिडकीच्या कठड्यावर बसले होते. डोळ्यांना धार लागलेली.

"इथून हुकूम सुटायचा," ते म्हणाले, "अन् माझा बाप खाली उन्हात उभा राहून दवंडी द्यायचा. जलमभर. ह्या कचेरीवाल्यांनी त्याला कवा पायरी चढू दिली नाय. म्हणलं, त्याच्या वाटचं जरा बसून घ्यावं."

मीही शेजारी टेकलो. बाहेर पेढे वाटायला लागले होते, गंगूबाई हाका मारत होती. आम्ही बराच वेळ उठलो नाही.