वाळल्यावर बघू

अण्णा कित्तूरकरांच्या सदऱ्यात अण्णा मावून वर आणखी अर्धा माणूस मावला असता. हे सदरे कुठून येतात ते मला चामराजपेटेतल्या शिंप्याकडे त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं. शिंपी मराठीच, पण तीन पिढ्या बंगलोरात काढलेला. त्यानं टेप लावून छाती छत्तीस सांगितली. अण्णा म्हणाले, "एकोणचाळीस लिही."

"अण्णा, कापड दोनदा धुतलंय. आता काय आटत नाही ते."

अण्णांनी कापड चिमटीत धरून चोळलं, उजेडाकडे करून पाहिलं. "सगळे असंच म्हणतात. स्वल्प जास्त धर."

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शिंप्याकडे पाहिलं. एकोणचाळीस लिहिले गेले.

यात अण्णांचा दोष नव्हता, त्यांच्या धंद्याचा होता. साल छप्पनच्या आसपासचं असेल. यशवंतपूरच्या पुढे एक कागदाची मिल होती, तिच्या ऑफिसात मी पुण्याहून येऊन नुकताच चिकटलो होतो. कुठल्या दिवशी किती रुंदीचा कागद काढायचा याच्या चिठ्ठ्या लिहिणं हे माझं काम. ती रुंदी मशीनवर आणणं हे अण्णांचं.

मशीनच्या ओल्या टोकाला लगद्याचं पाणी सरकत्या जाळीवर पसरतं. ते बाजूनं सांडू नये म्हणून दोन्ही कडांना रबराचे जाड पट्टे असतात, त्यांना डेकल म्हणतात. पट्टे जवळ आणले की कागद अरुंद होतो, लांब नेले की रुंद. ऐकायला सोपं आहे. पण हे चालू मशीनवर, चाक इंचाइंचानं फिरवत करावं लागतं. एका बाजूला हात जड पडला की कड पातळ होते, कागद तुटतो, आणि सगळी मिल ओल्या टोकाकडे बघत उभी राहते. त्यात कागद वाळताना आटतो. साठ इंची हवा असेल तर ओला त्रेसष्ट धरावा लागतो. लगद्यासाठी आलेला बांबू कोवळा असला, लगदा जास्त कुटला गेला, तर तेही बदलतं. कमी धरलं तर सगळा माल फुकट. जास्त धरलं तर कड कापून टाकता येते. म्हणून अण्णांचा कल आयुष्यभर जास्त धरण्याकडे होता.

मिलमध्ये हे ठीक होतं. पण अण्णांनी डेकल घरीही आणलं होतं. त्यांचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असे. जेवायला पाच माणसं यायची असली तर ते बायकोला आठ सांगत. बायको म्हणजे आमच्या अक्का. त्या मनातल्या मनात तीन वजा करून तांदूळ धूत आणि अचानक सहावा आला तरी कधी भात कमी पडला नाही. गाडी दहाची असेल तर अण्णा आठला स्टेशनवर. कुणाचं कौतुक ऐकलं की म्हणत, "वाळल्यावर बघू." नवा मॅनेजर फार हुशार आहे, मी म्हणालो. "वाळू दे की." माझी नोकरी कायम झाली तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. अण्णांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाले, "ओल्यात कुणी मोजतंय होय, जोशी?" मी काळजीनं आधीच अर्धा झालेला माणूस. त्या रात्री कायम झाल्याचं पत्र मी चारदा वाचून काढलं.

इथवर गंमत होती. पण अण्णांना सुमती नावाची मुलगी होती, आणि सुमतीचं लग्न जमत नव्हतं.

ती चामराजपेटेतच एका शाळेत शिकवायची. चोविसावं चालू होतं, आणि त्या काळी चोविसावं म्हणजे अक्कांच्या उशाशी बसलेलं संकट होतं. मुलीत खोट काही नव्हती. नाकावर चष्मा होता एवढंच. पण बघायला आलेल्या मंडळींपुढे अण्णा बसले की त्यांच्यातला डेकलवाला जागा व्हायचा. पहिल्या वेळी मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, स्वयंपाक येतो ना. अण्णा म्हणाले, "येतोय. पण मीठ जास्त पडतंय." चष्म्याचा विषय कुणी काढला नव्हता, तो अण्णांनी काढला. नंबर वाढण्याचा संभव आहे, असंही सांगितलं. "स्वभाव स्वल्प तापट. आणि गाते, पण शेजारी दार लावून घेतात." सुमती उपिटाच्या बशा घेऊन दारात उभी होती. मंडळींनी उपीट खाल्लं आणि आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं. पत्रिका आधीच जुळवून झाली होती.

दुसऱ्या वेळी मीही तिथे होतो. मुलाची आई म्हणाली, मुलगी उंचीला छान आहे. अण्णा म्हणाले, "आत्ता दिसतीय. वय झाल्यावर माणूस रुंद होतंय, मग उंची दिसत नाही." त्यांच्याकडूनही नकार आला.

नंतर मी धीर करून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी खोटं कुठं बोललो? थोडं वाढवून सांगितलं. दोष ओल्यात मोठे दाखवायचे. लग्न होऊन वाळलं की बेताचे होतात. मग सासरच्यांना वाटतंय, अरे, सांगितल्यापेक्षा बरी निघाली की." यात कुठेतरी मोठी चूक आहे हे मला कळत होतं, पण नेमकी कुठे ते सांगता येईना.

तिसरं स्थळ हुबळीचं आलं. मुलगा तिथे बँकेत होता. वडील आणि मुलगा रविवारी दुपारी चारला येणार होते. बंगलोरातली आपली माणसं ती किती, सगळी एकमेकांना ओळखणारी. तिसरा नकार आला तर चौथं स्थळ दारात येणार नव्हतं. गुरुवारी अक्का माझ्या खोलीवर आल्या. हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, तेव्हाच मी घाबरलो.

"भावजी, तुमच्या चिठ्ठीवर मशीन चालतंय म्हणे?"

"तसं म्हणता येईल."

"मग रविवारी ह्यांना मिलमध्ये अडकवा. पोरीचं एवढं होऊ दे."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. अक्का रडल्या असत्या तर एक वेळ नाही म्हणता आलं असतं. त्या रडल्या नाहीत. बरणी टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

वह्यांच्या कागदाची एक रुंद ऑर्डर बुधवारी घ्यायची ठरली होती. ती मी ओढून रविवारी तीनवर आणली. साठावरून सहासष्टावर जायचं, म्हणजे चालू मशीनवर सहा इंच, आणि तेवढा मोठा फरक अण्णांखेरीज कुणाच्या हाती देत नसत. शनिवारी संध्याकाळी चिठ्ठी मी स्वतः नेऊन दिली. अण्णांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून त्या अवाढव्य खिशात टाकली आणि म्हणाले, "सरी." म्हणजे कानडीत, ठीक आहे.

रविवारी माझी अवस्था बघण्यासारखी होती. एक जीव चामराजपेटेत, एक यशवंतपुरात. काही कारण नसताना मी मागवलेल्या रुंदीपायी कागद तुटला आणि मॅनेजरनं विचारलं, ही घाई कुणाची, तर माझी कायम नोकरी तिथल्या तिथे वाळली असती. आणि इथे घरात पुरुष माणूस म्हणून अक्कांनी मला बसवलेलं. वय सव्वीस. अंगात अण्णांचा कोट, कारण माझा बरा नव्हता. बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या.

चारला मंडळी आली. वडील गृहस्थ बुटके आणि बोलके होते. मुलगा उंच, देखणा, पण उंबऱ्याला अडखळला. मग सरळ माझ्याकडे आला आणि वाकून त्यानं माझ्या पायांना हात लावला. "काका, उशीर तर नाही ना झाला?"

मी काय करणार? बाही सावरत "औक्षवंत व्हा" म्हणालो. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

अण्णांना अचानक मिलमध्ये जावं लागलं, असं अक्कांनी सांगितलं. उपीट आलं. मुलगा बशीच्या कडेला चमचा शोधत होता आणि चमचा बशीच्या मधोमध होता. वडिलांनी मला विचारलं, "मुलीबद्दल काही सांगण्यासारखं?" चांगलं सांगावं तर खोटं वाटेल, आणि वाईट सांगायला अण्णा नव्हते. मी नुसता खाकरलो. तेवढ्यात सुमतीच बोलली.

"चष्मा आहे, तो दिसतोच. मीठ कधी जास्त पडतं, कधी कमी. बाकीचं विचाराल ते सांगेन." मग मुलाकडे वळून तिनं अगदी शाळेतल्या सुरात विचारलं, "तुमचा चष्मा घरी राहिला, की खिशात आहे?"

मुलाचा चेहरा लाल झाला. वडील म्हणाले, "मीच काढून ठेव म्हटलं होतं." मुलानं खिशातून चष्मा काढला. तो सुमतीच्या चष्म्याच्या दुप्पट जाड होता. डोळ्यांवर चढवून त्यानं आधी सुमतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझं वय लक्षात येताच तो जो हसायला लागला, त्यात सुमतीही सामील झाली. वडील म्हणाले, "पत्र पाठवून कशाला कळवायचं. आम्हाला पसंत आहे. मुलीला विचारा." सुमतीनं मान हलवली. अक्का देवापुढे जाऊन बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

मी धावत बस गाठली. मिलमध्ये पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मशीन चालू होतं. सहासष्टाचा कागद अखंड वाहत होता आणि अण्णा डेकलपाशी उभे होते, एक हात चाकावर. ओल्या टोकाला एवढा गोंगाट असतो की कानात ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मी ओरडलो, "पसंत आहे म्हणाले. सुमतीलाही पसंत आहे."

अण्णांनी मान हलवली. कडेवरची नजर काढली नाही. तसंच माझ्या कानाशी तोंड आणलं. "ही ऑर्डर बुधवारची होती."

"मग काल बोलला का नाहीत?"

"चिठ्ठी आली की करायचं." चाकावरचा हात न काढता म्हणाले, "चिठ्ठी बघून बरं वाटलं, जोशी. घरी असतो तर परत बोललो असतो."

मी म्हणालो, अण्णा, तुमचा हेतू चांगलाच होता.

"पहिल्या वेळी होता," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या वेळी नव्हता. ती माणसं चांगली होती. पोरीला लांब घेऊन जाणार होती. मला कळत होतं मी काय बोलू लागलोय ते. तेव्हाही ती दारात बशा घेऊन उभी होती, आणि मी बोलतच गेलो."

हा माणूस जास्त धरून ठेवतो म्हणून आम्ही वर्षभर हसलो होतो. कशाला धरून ठेवतो, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली, आणि माझी थोडी लाज वाटली.

"अक्काला सांगू नका," ते म्हणाले.

"नाही सांगणार."

त्यांनी चाक अगदी थोडंसं फिरवलं, कड बघितली. मग विचारलं, "हुबळीची गाडी सकाळी किती वाजता असते?"

मी सांगितलं. ते बोटांवर मोजू लागले. सकाळी निघालं की संध्याकाळी पोचायचं. एक दिवस राहायचं. तिसऱ्या दिवशी परत. लग्नाची बोलणी अजून व्हायची होती, मुहूर्त निघायचा होता, पण ते मुलीला भेटायला जायचे दिवस मोजत होते.

"जोशी," ते म्हणाले, "रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा असतोय?"

मी चेष्टा समजलो. मग लक्षात आलं, की या माणसानं मिलमधल्या अकरा वर्षांत एकदाही रजा घेतलेली नाही. ते खरंच विचारत होते.

"माझ्याकडे द्या," मी त्यांच्या कानात ओरडलो. "मी लिहून देतो. तुम्ही फक्त सही करा."